वीतभर दांडीवरचा प्रवास

यंदाच्या अंकाचा विषय 'तोल' आहे, असं संपादकांनी कळवलं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ना तराजू आला, ना डोंबाऱ्याची दोरी. आली ती रात्रीची ट्रॅव्हल्स. मराठवाड्यातल्या हजारो घरांचं पुण्या-मुंबईशी नातं या गाड्यांवर चालतं आणि त्या गाड्यांचा तोल कोण, कसा सांभाळतं हे प्रवाशाला कधी दिसत नाही. ते बघायला मी हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगावला गेलो.

पुसेगाव म्हटलं की राज्यात बहुतेकांना साताऱ्याकडचं, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं पुसेगाव आठवतं. हे ते नव्हे. हे सेनगाव तालुक्यातलं, काळ्या रानातलं गाव. संत नामदेवांची नर्सी याच टापूतली. सोयाबीन, तूर, हळद ही इथली पिकं आणि शिकलेली पोरं पुण्यात, हीही इथली जुनी रीत. दसरा उलटला की सोयाबीनच्या मळणीची धूळ आणि दिवाळीला गावी येणाऱ्यांची गर्दी एकाच वेळी सुरू होते.

काळ्या रानातला रस्ता

या भागातल्या रस्त्याचं दुखणं मातीतच आहे. काळी कापसाची जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वर डांबर कितीही चांगलं घातलं तरी खालची माती दरवर्षी वरखाली होते, आणि रस्त्याला लांब लांब लाटा पडतात. खड्डा दिसतो, लाट दिसत नाही. वेगातली गाडी लाटेवर चढते, उतरते, आणि मागच्या बर्थवर झोपलेला माणूस उचलला जाऊन खाली आपटतो. मागच्या चाकांच्याही मागे असलेल्या जागांवर हा हेलकावा सगळ्यात जास्त. तिकीट स्वस्त म्हणून किंवा शेवटी तीच उरली म्हणून ती जागा घेणारे बहुधा म्हातारी माणसं घेऊन निघालेले, पुण्याच्या दवाखान्याची तारीख असलेले लोक असतात.

हे धक्के झेलायला एसटीची लाल गाडी आजही बहुतांशी पाट्यांच्या स्प्रिंगांवर चालते. 1 जून 1948 रोजी पुणे-नगर रस्त्यावर पहिली गाडी धावली तेव्हापासून खेड्यापाड्यातला महाराष्ट्र पोलादी पाट्यांवरच बसून फिरला आहे. पाटा मजबूत असतो, तुटला तर कुठल्याही तालुक्याच्या गावी कमानपाट्याचं दुकान सापडतं. पण तो पूर्ण भाराच्या हिशोबाने बनवलेला असतो. गाडी भरलेली असली की बरी चालते, रिकामी असली की उड्या मारते. 2001 साली व्होल्वोची बी-7-आर गाडी भारतात आली, पुढे एसटीची शिवनेरी तिच्यावर धावली, आणि हवेवर तरंगणारी गाडी कशी असते ते मराठी प्रवाशाला कळलं. त्यानंतर खासगी ट्रॅव्हल्सवाल्यांनी हीच वाट धरली. आता हिंगोली, सेनगाव, रिसोडकडून रात्री निघणाऱ्या गाड्यांमध्ये 'एअर सस्पेन्शन' हे शब्द काचेवर मोठ्या अक्षरांत रंगवलेले असतात. काचेवर रंगवणं सोपं. ते रोज नीट चालवणं हे काम आहे.

पाच किलो हवा

अशा हवेच्या गाडीत आस आणि चॅसिस यांच्यामध्ये रबराच्या जाड पिशव्या असतात. गॅरेजात त्यांना बेलो म्हणतात, कोणी बलून म्हणतं. इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर टाक्यांमध्ये हवा भरतो. ती आधी ब्रेकला मिळते, मग पिशव्यांना, आणि हा क्रम पक्का ठरवलेला असतो. कारण हवा कमी पडली तर गाडी बसली तरी चालेल, ब्रेक गेलेला चालणार नाही.

हिशोब साधा आहे. एका पिशवीवर दोन टन भार असेल आणि तिचं भार पेलणारं क्षेत्र 400 चौरस सेंटिमीटर असेल, तर आत दर चौरस सेंटिमीटरला पाच किलो दाब हवा. प्रवासी उतरले, भार बाराशे किलोंवर आला, तर तीन किलो पुरे. म्हणजे गाडी भरली की पिशवीत हवा वाढवायची, रिकामी झाली की सोडायची. हे बरोबर झालं तर दोन गोष्टी साधतात. गाडीची उंची भरलेली असो की रिकामी, एकच राहते. आणि भार वाढला की दाब वाढून पिशवी तितकीच ताठ होते, त्यामुळे गाडीचा झुलण्याचा वेग फारसा बदलत नाही. सेकंदाला एक ते दीड झोका. माणसाचं शरीर हा संथ झोका सहन करतं, त्यात झोपही लागते. त्याला खरा त्रास होतो तो सेकंदाला चार ते आठ वेळा बसणाऱ्या उभ्या धक्क्यांचा. तेवढ्या वेगाने पोट आणि पाठीचा कणा थरथरायला लागतो.

आता ही हवा कधी भरायची आणि कधी सोडायची, हे ठरवतं कोण? ड्रायव्हर नाही. ते ठरवते चॅसिसवर बसवलेली मुठीएवढी झडप, जिला सगळे हाइट व्हॉल्व्ह म्हणतात. तिला एक आडवा हात असतो, आणि त्या हातापासून खाली आसापर्यंत एक उभी दांडी जाते, साधारण वीतभर. गाडी बसली की दांडी हाताला वर ढकलते, झडप उघडते, हवा आत जाते. गाडी उचलली गेली की हात खाली येतो, हवा फुस्स करून बाहेर पडते. हात आडवा, सरळ रेषेत आला की दोन्ही वाटा बंद. प्रत्येक खड्ड्याला झडप उघडू लागली तर टाकी बघता बघता रिकामी होईल, म्हणून ती मुद्दाम थोडी सावकाश केलेली असते. खड्ड्याचा धक्का जिरवायचं काम शॉकअपचं, उंची राखायचं काम झडपेचं.

सगळ्या गाडीची उंची अशी त्या दांडीच्या लांबीवर ठरते. दांडी लांब केली की गाडी उचलली जाते, आखूड केली की बसते. दांडी दोन्ही टोकांना आट्यांची असते आणि चेकनटाने आवळलेली असते. ती किती फिरवायची आणि कुठे थांबायचं, हे माप बसवणं म्हणजे या लेखाचा विषय.

डावीकडे कललेली गाडी

पुसेगावच्या बाहेर रस्त्याकडेला एक स्लीपर गाडी उभी होती. डावीकडे इतकी कललेली, की वरच्या बर्थच्या खिडक्या बाभळीला टेकायला आल्या होत्या. रात्रीची फेरी रद्द करून मालकाने हिंगोलीहून मिस्त्री बोलावला होता. ड्रायव्हरचं म्हणणं होतं की पुढचा डावा बलून गेला. नवा बलून डिकीत आणून ठेवलेलाही होता.

मिस्त्रींनी आधी बलूनला हातच लावला नाही. एका डब्यात साबणाचं पाणी केलं, रंगाचा ब्रश बुडवला आणि पुढच्या दोन्ही पिशव्यांवर, नळ्यांच्या जोडांवर फासलं. फेस हलला नाही. "ह्यो बलून धा महिने चालतोय अजून," ते म्हणाले, "दुखणं मागं हाय." ड्रायव्हरला ते पटेना. "मिस्त्री, कल तर पुढं दिसायलाय."

इथे समजून घेण्यासारखी गोष्ट आहे. चार चाकांना चार झडपा का नसतात? चार पायांचं टेबल खडबडीत जमिनीवर डुगडुगतं, तीन पायांची तिवई कधी डुगडुगत नाही. चार झडपा लावल्या तर त्या एकमेकींशी भांडत बसतात, एक भरते, दुसरी सोडते, आणि गाडीची चौकट पिळवटते. म्हणून बसला बहुधा तीनच झडपा असतात. या गाडीला पुढे मधोमध एक, आणि मागे डावी-उजवीकडे एकेक. पुढची झडप दोन्ही पिशव्यांना सारखीच हवा देते. ती गाडी पुढून वर-खाली करू शकते, डावीकडे-उजवीकडे करू शकत नाही. गाडीचा आडवा कल ठरतो मागच्या दोन झडपांवर. पुढे दिसणारा कल मागे दुरुस्त करायचा असतो, आणि हे ठाऊक नसल्याने चांगले बलून बदलले जातात, मालकाचे हजारो रुपये जातात, गाडी तशीच कललेली राहते.

मागच्या डाव्या बाजूची दांडी वाकलेली निघाली. कधीतरी जॅक चुकीच्या जागी लागला असावा. वाकल्यामुळे ती आखूड झाली, हात खाली ओढला गेला, आणि झडप डावीकडची हवा सोडत राहिली. त्याहून वाईट गोष्ट उजवीकडे होती. मधल्या एखाद्या गावात कोणीतरी उजव्या झडपेचा हात तारेने वर बांधला होता. म्हणजे ती झडप सतत हवा भरत राहिली, पिशवी ताणून दगडासारखी कडक झाली, आणि शॉकअप पूर्ण लांब होऊन त्याच्या वरच्या बोल्टला ओढ बसली. तार कापताना मिस्त्री काही बोलले नाहीत, पण तो तुकडा त्यांनी ड्रायव्हरच्या हातात दिला.

नवी दांडी टाकून गाडी चालण्यापुरती सरळ झाली. रस्त्याकडेला मात्र त्यांनी माप घ्यायचं नाकारलं. उतार असलेल्या जागी बसवलेलं माप खोटंच निघतं.

वजनकाट्यावर

सपाट जागा कुठे शोधायची? कंपन्यांच्या वर्कशॉपात त्यासाठी पातळी साधलेली फरशी असते. इथे मिस्त्रींनी निवडला वजनकाटा. सोयाबीनच्या ट्रॉल्या वजन करायला लागतात तो. काटा बसवताना त्याची पातळी बघूनच बसवतात, नाहीतर तो वजन चुकीचं दाखवतो. पहाटे ट्रॉल्या यायच्या आधी काटेवाल्याने जागा मोकळी दिली. तरीही मिस्त्रींनी गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी काढली, एक टोक डाव्या मागच्या चाकाशी, दुसरं उजव्या चाकाशी धरलं, आणि पाणी दोन्हीकडे एकाच रेषेवर आहे हे बघून घेतलं. पुढेही तसंच. मला ही नळी फार आवडली. घराचं जोतं आणि बसचा आस, दोन्हीला एकच पाणी पुरतं.

मग पुढची तयारी. सगळ्या टायरमधली हवा सारखी. स्टिअरिंग सरळ. गाडीत कोणी नाही, डिकीत सामान नाही. मागच्या-पुढच्या चाकांना उटी लावली आणि हँडब्रेक सोडायला सांगितला. हे मला उलटं वाटलं, म्हणून कारण विचारलं. गाडी वर-खाली होते तेव्हा आस सरळ उभा हलत नाही, थोडा पुढे-मागेही सरकतो. ब्रेक लागलेला असेल तर चाकं त्याला सरकू देत नाहीत, गाडी अडून बसते आणि चुकीची उंची दाखवते. ब्रेक सुटला की तीच गाडी बोटभर हलते. म्हणून चाकं धरून ठेवायची ती उटीने.

इंजिन सुरू करून टाक्या भरू दिल्या. हवेच्या दाबाचा काटा आठ किलोच्या आसपास आला, कॉम्प्रेसरने जादा हवा फुस्सकन सोडली. आता टेप. माप जमिनीपासून घ्यायचं नाही, चाकाच्या कमानीपासूनही नाही. टायर झिजलेलं असतं, कमान पत्र्याची असते, ती कधी ठोकून बसवलेली असते. माप आसावरच्या ठरलेल्या जागेपासून चॅसिसवरच्या ठरलेल्या जागेपर्यंत. हा आकडा कंपनी देते, आणि प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. एका गाडीचा आकडा दुसरीला लावला की काम बिघडलंच. मिस्त्रींच्या वहीत ते आकडे गाडीनिहाय लिहिलेले होते, तेलाचे डाग पडलेली, पण नीट रेघा मारलेली वही.

मागची डावी बाजू कमी होती. चेकनट ढिला केला, दांडी अर्धा आटा फिरवली, आणि हात काढून घेतला. मग नुसती वाट बघायची. हवा आत शिरल्याचा बारीक आवाज, गाडी हळूच उचलली गेली, आवाज थांबला. टेप लावली, अजून कमी. पुन्हा पाव आटा. घाईचा माणूस इथे चुकतो, कारण झडप सावकाश असते आणि मध्ये थोडी मेलेली जागा असते, जिथे ती ना भरते, ना सोडते. खालून वर येताना गाडी त्या जागेच्या एका टोकाला थांबते, वरून खाली येताना दुसऱ्या टोकाला. म्हणून दरवेळी एकाच दिशेने यायचं. जास्त झालं तर हवा बरीच सोडून द्यायची आणि पुन्हा खालून वर यायचं. मिस्त्रींनी हे दोन्ही बाजूंना केलं, आणि उजवी बसवल्यावर डावी पुन्हा मोजली, कारण एक बाजू हलली की दुसरीवरचा भार बदलतो. नंतर पुढची. मग परत मागची.

चेकनट आवळताना दांडी सोबत फिरते, म्हणून दोन पाने लागतात, एकाने दांडी धरायची, दुसऱ्याने नट. त्यानंतर गाडी काट्यावरून उतरवून थोडी फिरवून आणली, पुन्हा काट्यावर घेतली, आणि सगळी मापं परत घेतली. मागच्या उजव्या बाजूला दोन-तीन मिलिमीटरचा फरक निघाला. तो त्यांनी सोडला नाही.

एवढं जपायचं कशासाठी

इंचभर फरकाने काय होतं, असं मालक विचारतात. गाडी कमी उंचीवर बसली तर पिशवीच्या आतला रबरी ठोकळा प्रत्येक खड्ड्याला आपटतो. मग हवेची गाडी पाट्याच्या गाडीपेक्षा वाईट चालते. उंची जास्त ठेवली तर, मघाशी सांगितलं तसं, शॉकअप ओढला जातो, आणि पिशवीची रबरी घडी जिथे मुरडायला हवी तिथे न मुरडता दुसरीकडे मुरडून लवकर चिरते. इंजिन मागे असलेल्या गाड्यांत प्रॉपेलर शाफ्ट आखूड असतो. आखूड शाफ्टला थोड्याशा उंचीनेही कोन बराच बदलतो, शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस झिजतो, गाडी थरथरते. एका बाजूला कललेली स्लीपर गाडी, ज्यात माणसं वरच्या बर्थवर म्हणजे आधीच उंचावर निजलेली, ती उलट दिशेच्या वळणावर ज्या बाजूला कललेली त्याच बाजूला अधिक कलते. हे धोक्याचं आहे आणि त्याला दुसरा शब्द नाही.

हवेच्या पिशव्या ही काही नवी कल्पना नव्हे. 1953 मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सने त्या लांब पल्ल्याच्या बसला लावल्या, पिशव्या फायरस्टोनच्या होत्या. आज मुंबईच्या लोकलच्या नव्या डब्यांखाली आणि वंदे भारतच्या डब्यांखालीही हवेच्या स्प्रिंगा आहेत. लोकलमध्ये गर्दी झाली तरी डब्याची जमीन फलाटाला धरून राहते ती त्यांच्यामुळे.

गाडीखाली जाताना

या कामातला सगळ्यात मोठा धोका प्रवाशाला नाही, मिस्त्रीला आहे. हवेवर उभी असलेली गाडी एखादी नळी निसटली, पिशवी फाटली, कोणी चुकून झडपेचा हात हलवला, की क्षणात खाली येते. आस आणि चॅसिस यांच्यामधली जागा तेव्हा हाताएवढीही उरत नाही. रस्त्याकडेला, अंधारात, प्रवाशांच्या ओरडण्यात काम करणारी पोरं जॅक लावतात आणि सरळ खाली शिरतात. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. पुसेगावला मिस्त्रींनी चॅसिसखाली लोखंडी घोड्या दिल्याशिवाय मदतनीस पोराला आत जाऊ दिलं नाही. उंची मोजताना घोड्या लावता येत नाहीत, गाडीला हलायला जागा लागते. म्हणून मोजताना शरीर बाहेर ठेवायचं, फक्त टेप आत, आणि दांडी फिरवायच्या वेळी चॅसिसखाली लाकडी ठोकळे ठेवायचे. गाडी बसलीच तर ठोकळ्यावर बसेल. हे नियम कागदावर नाहीत. ते त्या पोराला रोज ऐकवले जातात, आणि असंच ऐकवायला हवं.

दांडी जाऊन सेन्सर आला

नव्या महाग गाड्यांत ही झडप नाही. तिच्या जागी उंची मोजणारा सेन्सर आहे, तो आकडा संगणकाला देतो, आणि संगणक विजेवर चालणाऱ्या झडपा उघडतो, मिटतो. वॅब्को कंपनीने अशी यंत्रणा 1986 मध्ये आणली. शहरातली लो-फ्लोअर बस थांब्यावर दाराच्या बाजूला झुकते, म्हाताऱ्या माणसाला चढता येतं, ते याच तंत्रामुळे. इथे माप बसवायला पाना लागत नाही, लॅपटॉप लागतो. गाडी नेहमीच्या उंचीवर आणायची, टेपने मोजायची, आणि संगणकाला सांगायचं की ही तुझी नेहमीची उंची. मग सगळ्यात वरची, मग सगळ्यात खालची. तिन्ही लक्षात ठेवून घ्यायच्या. महागड्या मोटारींनाही हेच करावं लागतं. तिथे चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या काठापर्यंत मोजतात, आणि उंची चुकली तर हेडलाइटचा झोतही चुकतो.

तंत्र बदललं तरी सपाट जमीन, सारखी टायरं, सुटलेला ब्रेक आणि खरी टेप यांना पर्याय नाही. चुकीच्या जागी मोजलेला आकडा संगणकही तितक्याच इमानाने लक्षात ठेवतो. आणि तो लॅपटॉप हिंगोलीच्या गॅरेजात नाही. तो मोठ्या शहरातल्या डीलरकडे असतो. सेनगावच्या रस्त्यावर सेन्सर गेला तर गाडी तशीच वाकडी दीड-दोनशे किलोमीटर चालवत न्यावी लागते. नवं तंत्र आलं म्हणून जुन्या मिस्त्रीला बाजूला सारणं मला मान्य नाही. तालुक्याच्या मिस्त्रीला हे शिकवलं पाहिजे. आयटीआय जिल्ह्यात आहेत, मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे, त्यात या विषयाचे दोन आठवडे बसवणं फार अवघड नाही. ज्या माणसाला तीन झडपांचं गणित तोंडपाठ आहे त्याला तीन उंच्या संगणकात भरायला एक दिवस पुरेल.

गाडीमालकांना एवढंच सांगणं आहे. बलून बदलण्याआधी दांड्या तपासा. पावसाळा संपला की एकदा आणि दिवाळीच्या गर्दीआधी एकदा, सपाट जागेवर, कंपनीच्या आकड्याने मापं घ्या. तारेने बांधलेला हात दिसला तर त्या रात्री गाडी काढू नका. आणि दिवाळी करून पुण्याला परत निघणाऱ्या वाचकहो, चढण्याआधी गाडीच्या मागे जाऊन उभे राहा आणि दोन्ही बाजूंच्या चाकांवरची फट बघा. डावी-उजवी सारखी नसेल तर ड्रायव्हरदादांना सांगा, कारण विचारा, आणि उत्तर मिळाल्यावरच म्हाताऱ्या माणसांना मागच्या बर्थवर चढवा.